व्यक्तिनामांकित सुगंधद्रव्ये : गंध, नाम आणि कर्ता

ख्यातनाम व्यक्तीच्या नावाने विकले जाणारे सुगंधद्रव्य ही विसाव्या शतकातील व्यापाराची निर्मिती होय, असे सामान्यतः मानले जाते. बाजारपेठेपुरते हे खरे असले, तरी विशिष्ट व्यक्ती आणि विशिष्ट गंध यांचे साहचर्य फार जुने आहे. त्याचा एक पुरावा छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातच उपलब्ध आहे. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यातील वाकाटककालीन शिलालेखात पश्चिमेस कोरविलेल्या 'गंधकुटी'चा उल्लेख असून, १९ वे लेणे तीच ही वास्तू होय, असे अभ्यासक मानतात. गंधकुटी हे मुळात श्रावस्तीच्या जेतवनातील बुद्धाच्या निवासकक्षाचे नाव. भक्तांनी वाहिलेल्या फुलांच्या सुवासामुळे त्यास हे नाव मिळाले, अशी परंपरा आहे. येथे गंध ही व्यक्तीच्या सान्निध्याची खूण आहे. व्यक्तीचे नाव त्यास अद्याप चिकटलेले नाही.

हे नामकरण राजाश्रयात घडलेले दिसते. विजापूरच्या दुसऱ्या इब्राहिम आदिलशहासाठी रचलेल्या सुगंधविषयक फार्सी ग्रंथास 'इत्र-इ-नौरसशाही' असे त्याच्या प्रिय शब्दावरून नाव देण्यात आले. त्याचा समकालीन मोगल बादशहा जहांगीर (कारकीर्द १६०५–१६२७) याच्या आत्मवृत्तातील नोंद तर अधिक बोलकी आहे. नूरजहानची माता अस्मत बेगम गुलाबपाणी तयार करीत असता, ऊन पाणी ओतलेल्या पात्रांवर तिला स्निग्ध साय जमलेली आढळली. ती थोडी थोडी गोळा करून तिने गुलाबाचे अत्तर सिद्ध केले. जहांगिराने तिला मोत्यांची माळ दिली आणि सलीमा सुलतान बेगमेने त्या अत्तरास 'इत्र-इ-जहांगिरी' असे नाव दिले.

ही नोंद रसायनशास्त्राशीही जुळते. गुलाबाचे बाष्पशील तेल पाण्यात अल्पच विरघळते व पाण्याहून हलके असल्याने वर तरंगते. शिवाय त्यातील मेणासारखे घटक थंडीने गोठतात. म्हणजे अस्मत बेगमेचे श्रेय सूक्ष्म निरीक्षणाचे होते. नाव मात्र बादशहाचे राहिले. तथापि कर्तीची नोंद करण्याचा प्रामाणिकपणा बादशहाने दाखविला, ही गोष्ट विसरता येत नाही.

आधुनिक काळात आश्रयाची जागा कराराने घेतली. प्रसिद्ध व्यक्ती आपले नाव वापरण्याची अनुमती देते व त्याबद्दल स्वामित्वशुल्क घेते. उत्पादक अपेक्षित गंधाचे वर्णन गंधयोजकापुढे ठेवतो. गंधयोजक अनेक नमुने करून पाहतो. पसंत पडलेला अर्क मद्यार्कात मिसळला जातो. 'ओ द पार्फ्यूम' ह्या प्रकारात अर्काचे प्रमाण सामान्यतः १५ ते २० टक्के असते. १९९१ साली आलेले 'व्हाइट डायमंड्स' एलिझाबेथ टेलर ह्या अभिनेत्रीच्या नावाने जगभर गाजले. त्याचे गंधयोजक कार्लोस बेनाइम हे नाव मात्र बहुसंख्य ग्राहकांच्या कानी कधी पडले नाही. मराठी जगातील उदाहरण म्हणजे लता मंगेशकर यांच्या नावाने १९९९ साली बाजारात आलेले 'लता ओ द पार्फ्यूम' होय. जिची कीर्ती सर्वस्वी कंठावर उभी, तिच्या नावाची कुपी घेणारा ग्राहक श्रवणातील आदर घ्राणेंद्रियाकडे वळवीत असतो. नाम हेच येथे मूल्य ठरते.

योगायोगाने त्याच वर्षीचा भारताचा व्यापारचिन्ह अधिनियम हा क्रम अधिक स्पष्ट करतो. चिन्ह आलेखरूपाने दाखविता आले पाहिजे, अशी त्याची अट आहे. नाव ती सहज पूर्ण करते. गंधास ती पूर्ण करणे कठीण जाते. परिणामी कुपीवरील अक्षरांस कायद्याचे भक्कम संरक्षण लाभते, तर आतील मिश्रण मुख्यतः गुप्ततेच्या आधारावर टिकते.

गंधकुटीत गंध व्यक्तीकडे निर्देश करीत होता. आज व्यक्तीचे नाव गंधाकडे निर्देश करते. ह्या उलटापालटीत सर्वाधिक झाकला गेला तो कर्ता. म्हणूनच सुगंधद्रव्यांच्या सांस्कृतिक इतिहासात 'हे कोणाच्या नावाचे?' ह्या प्रश्नाबरोबरच 'हे कोणाच्या हातचे?' हाही प्रश्न विचारणे अगत्याचे आहे. पहिल्याचे उत्तर कुपीवरच लिहिलेले असते. दुसऱ्याचे उत्तर जहांगिराने लिहून ठेवले नसते, तर अस्मत बेगम ही केवळ बादशहाची सासू म्हणूनच इतिहासात उरली असती.