आमच्या राण्या

माझे मामा लग्नाच्या बँडमध्ये सॅक्सोफोन वाजवीत. त्यांच्या सुरांवर वरात नाचे. जेवणाची पंगत मात्र त्यांची वेगळी बसे. म्हणून हे वाद्य मला कधी परके वाटले नाही. शबाका हचिंग्ज या कृष्णवर्णीय सॅक्सोफोनवादकाच्या 'सन्स ऑफ केमेट' या संचाची 'युवर क्वीन इज अ रेप्टाइल' (२०१८) ही ध्वनिमुद्रिका ऐकताना मामाच आठवत राहिले.

हचिंग्ज लंडनमध्ये जन्मले, बालपण बार्बाडोसमध्ये गेले. या संचात पियानो नाही, गिटार नाही. सॅक्सोफोन, ट्यूबा आणि दोघे ड्रमवादक. खर्ज ट्यूबा सांभाळतो, ड्रम एकमेकांना प्रश्न विचारतात. वरातीमागून चाललेल्या माणसाला हा ठेका समजावून सांगावा लागत नाही.

जन्माने मिळालेले राणीपद नाकारून या नऊ रचनांनी आपल्या राण्या निवडल्या आहेत. प्रत्येक रचनेला एका कृष्णवर्णीय स्त्रीचे नाव आहे. पहिली एडा ईस्टमन, वादकाची पणजी. इतिहासात जिची नोंद नाही, तिला पहिला मान! पुढे १९०० साली इंग्रजांशी लढलेली या असांतेवा आहे. अँजेला डेव्हिसही आहेत; त्या १९७२ मध्ये निर्दोष सुटल्या आणि त्याच वर्षी मुंबईत ब्लॅक पँथरच्या नावावरून दलित पँथर उभी राहिली.

शिक्षकांनी मेमी फिप्स क्लार्क हे नाव जरूर लक्षात ठेवावे. त्यांनी व त्यांच्या पतीने काळ्या मुलांपुढे गोऱ्या आणि काळ्या बाहुल्या ठेवल्या. चांगली कोणती, असे विचारताच बहुसंख्य मुलांनी गोरी उचलली. वेगळ्या शाळा बेकायदा ठरविणाऱ्या १९५४ च्या अमेरिकन निकालात या संशोधनाचा आधार घेतला गेला. आपल्या वर्गात आडनाव सांगताना एखाद्या मुलाचा आवाज खाली जातो, तेव्हा मला त्या बाहुल्या दिसतात.

शब्दांवाचूनचे संगीत चळवळीच्या काय कामाचे, असे एका कार्यकर्त्याने मला विचारले. पहिल्या व शेवटच्या रचनेत कविता आहे, हे खरे. पण हलगीला तरी कुठे शब्द असतात?

शेवटचे नाव डोरीन लॉरेन्स. त्यांच्या स्टीफन या मुलाला १९९३ मध्ये लंडनच्या एका बसथांब्यावर वंशद्वेषातून मारले. पोलिस यंत्रणेतच वंशद्वेष मुरलेला आहे, हे १९९९ च्या चौकशी अहवालाने मान्य केले. दोघांना शिक्षा व्हायला २०१२ उजाडले. पुढच्याच वर्षी त्यांना 'लॉर्ड्स'मध्ये बसविण्यात आले. ही विसंगती मला खटकते. रचना मात्र थांबत नाही, ड्रम अखेरपर्यंत धावत राहतात.