मूर स्कूलमधल्या सहाजणी

फिलाडेल्फिया हे शहर मराठी वाचकाला माहीत आहे ते आनंदीबाई जोशींमुळे. ११ मार्च १८८६ रोजी त्या तिथल्या विमेन्स मेडिकल कॉलेजमधून डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. त्यानंतर साठ वर्षांनी, १५ फेब्रुवारी १९४६ ला, त्याच शहरातल्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने एका अजस्र यंत्राचं थाटात उद्घाटन केलं. यंत्राचं नाव एनिॲक. आनंदीबाईंच्या हातात निदान त्यांच्या नावाची पदवी पडली होती. एनिॲकवर काम करणाऱ्या सहा मुलींचं नाव त्या दिवशी ना भाषणात आलं, ना दुसऱ्या दिवशीच्या बातमीत.

गोष्ट सुरू होते तोफांपासून. सैन्याला नवी तोफ दिली की तिच्यासोबत आकड्यांची पुस्तिका द्यावी लागते. इतक्या अंतरावर मारा करायचा, वारा असा, हवा इतकी थंड, तर नळी किती अंशात उचलायची, हे तोफचीने त्यात पाहायचं. अशी एक पुस्तिका म्हणजे गोळ्याच्या दोन-तीन हजार वेगवेगळ्या मार्गांचं गणित. आणि एकेका मार्गाला टेबलावरच्या हिशेबयंत्रावर तीस ते चाळीस तास लागत. दुसरं महायुद्ध पेटलेलं, तोफा धडाधड तयार होत होत्या आणि पुस्तिका मागे पडत होत्या. गणित येणारे पुरुष लढाईवर गेलेले. मग लष्कराने विद्यापीठाच्या मूर स्कूल ऑफ इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगमध्ये गणित येणाऱ्या मुली आणून बसवल्या. त्यांच्या हुद्द्याचं नाव होतं ‘कॉम्प्युटर’, म्हणजे हिशेबनीस. वर्षाला १,६२० डॉलर पगार आणि सरकारी श्रेणी ‘सब-प्रोफेशनल’. गणिताची पदवी हातात असली तरी कागदोपत्री व्यावसायिकाच्या एक पायरी खाली.

के मॅकनल्टी ही त्यांतली एक. आयर्लंडच्या डोनेगल परगण्यात जन्मलेली, तीन वर्षांची असताना फिलाडेल्फियात आली तेव्हा तिला फक्त आयरिश भाषा येत होती, इंग्रजीचा एक शब्द नाही. १९४२ मध्ये चेस्टनट हिल कॉलेजातून गणित घेऊन पदवीधर झाली आणि वर्तमानपत्रात गणित शिकलेल्या बाया हव्यात अशी जाहिरात पाहून चकित झाली. तोपर्यंत मुलींना गणित शिकून मिळणारी नोकरी म्हणजे शाळेतली मास्तरकी. तिची वर्गमैत्रीण फ्रान्सिस बायलसही तिच्याबरोबरच लागली. दोघींच्या हाताखाली पुढे मूर स्कूलच्या तळघरातला डिफरेन्शियल ॲनालायझर आला. दांडे, चाकं आणि मोटारींचं हे भलंमोठं यंत्र तोच गोळ्याचा मार्ग मिनिटांत काढून देई, पण त्यात अचूकता कमी आणि बिघाड फार.

त्याच इमारतीत जॉन मॉकली आणि प्रेस्पर एकर्ट हे दोघे एक वेडी वाटणारी योजना मांडत होते. फिरणारा एकही भाग न ठेवता, नुसत्या व्हॅक्यूम ट्यूबवर गणित करायचं. १९४३ च्या जूनमध्ये लष्कराने करार केला आणि बांधकाम सुरू झालं. हेच एनिॲक. तयार झालं तेव्हा त्यात सुमारे १८ हजार ट्यूब होत्या, वजन ३० टन, आणि खोलीच्या तीन भिंतींना लागून माणसाहून उंच अशी ४० काळी कपाटं. सेकंदाला पाच हजार बेरजा. आजच्या आकड्यांपुढे हे हास्यास्पद वाटेल, पण त्या काळी जगात याच्या जवळपास फिरकणारं सर्वसाधारण गणिताचं दुसरं यंत्र नव्हतं.

यंत्र उभं राहत आलं तेव्हा कुणाच्या तरी लक्षात आलं की ते चालवायला माणसं लागणार. १९४५ च्या उन्हाळ्यात हिशेबनीस मुलींमधूनच निवड झाली. के आणि फ्रान्सिस होत्याच. शिवाय मार्लिन वेस्कॉफ, रूथ लिक्टरमन, बेटी स्नायडर आणि बेटी जीन जेनिंग्ज. यांतली बेटी जीन मिसूरीतल्या शेतावरून आलेली, सात भावंडांतली सहावी. मुलाखतीत लष्करी अधिकारी हर्मन गोल्डस्टाइनने तिला विजेबद्दल काय वाटतं असं विचारलं. ती भाबडेपणाने सांगायला लागली की कॉलेजात फिजिक्स होतं, व्होल्ट आणि करंटचं सूत्र येतं. गोल्डस्टाइन म्हणाला, ते नव्हे, विजेची भीती वाटते का? एवढीच परीक्षा! बेटी स्नायडरचा अनुभव याहून बोलका. ती याच पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची विद्यार्थिनी. गणिताच्या वर्गात पहिल्याच दिवशी प्राध्यापकाने तिला सुनावलं की घरी बसून मुलं सांभाळलीस तर बरं. तिने गणित सोडून पत्रकारिता घेतली. ज्या विद्यापीठाने गणिताच्या वर्गातून तिला उठवलं, त्याच विद्यापीठाच्या सर्वांत मोठ्या गणितयंत्रावर ती परत आली, तेही लष्कराच्या गरजेपोटी.

निवड झाली, पण यंत्राच्या खोलीत जायची मुभा नाही. प्रकल्प गुप्त आणि या मुलींना अजून परवाना मिळालेला नव्हता. आधी त्यांना मेरीलँडमधल्या ॲबर्डीनच्या लष्करी तळावर पंचकार्डाची यंत्रं शिकायला धाडलं. परत आल्यावर हातात दिले ते एनिॲकचे आराखडे: कपाटाकपाटाच्या जोडणीचे मोठमोठे कागद. मार्गदर्शक पुस्तिका नाही, कारण ती अजून लिहिलीच गेली नव्हती. (ती पुढे १९४६ मध्ये ॲडेल गोल्डस्टाइन या दुसऱ्या बाईनेच लिहिली.) कागद घ्या, यंत्र कसं चालतं ते समजून घ्या, आणि अडलं तर इंजिनिअरांना विचारा.

त्यांनी कामाची वाटणी केली. जोडीजोडीने एकेका भागाचा आराखडा उलगडायचा आणि बाकीच्यांना शिकवायचा. इथे जरा थांबायला हवं, कारण या कामाची जात कळल्याशिवाय पुढचं कळणार नाही. आज प्रोग्राम म्हटलं की पडद्यावर टाइप केलेल्या ओळी डोळ्यांसमोर येतात. एनिॲकमध्ये ओळी नव्हत्याच. वीस ‘ॲक्युम्युलेटर’ होते. प्रत्येकात दहा आकडी एक संख्या मावे, आणि दुसरीकडून आलेली संख्या त्यात मिळवली जाई. कुठल्या ॲक्युम्युलेटरने कधी पाठवायचं, कुणी घ्यायचं, किती वेळा, हे सगळं कपाटांवरच्या खटक्यांनी आणि जाडजूड केबलींनी ठरे. एक काम पूर्ण झालं की ते कपाट विजेचा एक ठोका सोडी. तो केबलीतून जिथे पोचेल तिथलं पुढचं काम सुरू होई. म्हणजे गणिताचा क्रम हाच तारांचा नकाशा. त्यातून यंत्राचे अनेक भाग एकाच वेळी चालत, तेव्हा कोणता ठोका कोणाच्या आधी पोचेल याचाही हिशेब ठेवायचा. गोळ्याच्या मार्गाचं समीकरण घ्यायचं, त्याचे बारीक बारीक टप्पे पाडायचे, प्रत्येक टप्प्यात हवेचा विरोध चाकांवरच्या ‘फंक्शन टेबल’ फलकांतून उचलायचा, नवा वेग, नवी जागा, आणि पुन्हा तेच. हे सगळं आधी कागदावर, मग खोलीभर हिंडून हाताने.

या मुलींकडे एक भांडवल होतं जे इंजिनिअरांकडे नव्हतं. गोळ्याचं हे गणित त्यांनी स्वतः हाताने केलं होतं. कुठल्या टप्प्याला कुठली संख्या हाती असायला हवी हे त्यांना डोळे मिटून ठाऊक होतं. आणि आराखडे मुळापासून वाचल्यामुळे उत्तर चुकलं की १८ हजार ट्यूबांमधली बिघडलेली ट्यूब कुठे असेल तेही त्या सांगू लागल्या. मला या साऱ्या कहाणीत सगळ्यात मोलाची वाटते ती ही गोष्ट. यंत्र बांधणं अवघड हे सगळ्यांना दिसत होतं, म्हणून ते पुरुषांचं काम. यंत्राला काम सांगणं अवघड आहे हे कोणाच्या गावीही नव्हतं, म्हणून ते हिशेबनीस मुलींकडे आलं. ते अवघड आहे हे जगाला कळेपर्यंत या सहाजणी त्यात तरबेज झाल्या होत्या.

उद्घाटनाच्या दोनेक आठवडे आधी हर्मन आणि ॲडेल या गोल्डस्टाइन दांपत्याने दोघी बेटींना विचारलं, पाहुण्यांपुढे गोळ्याचा मार्ग काढून दाखवता येईल का? दोघी कामाला लागल्या. आदल्या दिवसापर्यंत सगळं ठीक, पण एक गोष्ट जमेना: गोळा जमिनीवर पडल्यावर यंत्राने थांबायला हवं, ते काही थांबेना. गोळा जमिनीच्या पोटात शिरून पुढे चाललेला. रात्री हात टेकून दोघी घरी गेल्या. सकाळी बेटी स्नायडर आली ती थेट एका खटक्यापाशी गेली आणि तो एक घर फिरवला. झोपेत उत्तर सापडलं होतं.

प्रयोग झोकात झाला. खऱ्या गोळ्याला निशाण्यापर्यंत पोचायला ३० सेकंद लागले असते, एनिॲकने त्याचा मार्ग २० सेकंदांत काढला. ॲक्युम्युलेटरवरचे बारीक दिवे दूरवरून दिसावेत म्हणून पिंगपाँगचे चेंडू अर्धे कापून त्यांवर बसवले होते, ते लुकलुकताना पाहून पत्रकार खूश. यंत्राने छापलेले कागद पाहुण्यांना आठवण म्हणून वाटले. संध्याकाळी विद्यापीठात मोठी मेजवानी झाली. सहाजणींपैकी कोणालाही आमंत्रण नव्हतं. फेब्रुवारीच्या थंडीत त्या आपापल्या घरी गेल्या.

पुढच्या महिन्यात एकर्ट आणि मॉकलीने विद्यापीठ सोडलं. भांडण पेटंटचं: शोधाचे हक्क विद्यापीठाला लिहून द्या, ही अट त्यांना मान्य नव्हती. यंत्रावर हक्क कोणाचा यावरून पुढे कोर्टकज्जे झाले, १९७३ मध्ये ते पेटंटच रद्द ठरलं. मुलींच्या कामावरून मात्र कोणी भांडलं नाही, कारण त्यावर हक्क सांगता येतो हेच कोणाला सुचलं नव्हतं. लष्कराच्या भरतीच्या जाहिरातीत एनिॲकचा फोटो वापरला तेव्हा त्यातल्या बायका कापून फक्त एक सैनिक ठेवला. ज्या फोटोंत त्या राहिल्या, त्यांखाली नावं नव्हती.

यंत्र १९४७ मध्ये ॲबर्डीनला हललं आणि सहाजणींच्या वाटा फुटल्या. मार्लिन आणि फ्रान्सिस लग्नानंतर संसारात रमल्या. रूथ यंत्रामागे ॲबर्डीनला गेली आणि तिने पुढची तुकडी तयार केली. के मॅकनल्टीने १९४८ मध्ये मॉकलीशी लग्न केलं आणि नोकरी सोडली. बेटी जीन, लग्नानंतरची जीन बार्टिक, हिने एनिॲकला केबली न हलवता प्रोग्राम बदलता येईल असं करणाऱ्या कामात पुढाकार घेतला, मग एकर्ट-मॉकलीच्या कंपनीत बायनॅक आणि यूनिव्हॅक या संगणकांवर काम केलं. १९५१ मध्ये मुलांसाठी थांबली, १९६७ मध्ये परत आली, आणि साठीच्या आसपास कंपनीने कमी केल्यावर पुन्हा कुठे नोकरी मिळेना. मग तिने घरं विकायचा व्यवसाय केला. जगातल्या पहिल्या इलेक्ट्रॉनिक संगणकांपैकी एकाची जाणकार घराच्या किल्ल्या घेऊन गिऱ्हाइकांना खोल्या दाखवत फिरत होती.

सलग कारकीर्द झाली ती बेटी स्नायडरची, लग्नानंतरची बेटी होल्बर्टन. माहिती क्रमाने लावणारे प्रोग्राम स्वतःच तयार करून देणारा प्रोग्राम तिने यूनिव्हॅकसाठी १९५१ मध्ये लिहिला. यंत्राने यंत्रासाठी प्रोग्राम लिहायची ही अगदी सुरुवातीची पायरी. १९५९ मध्ये कोबोल ही प्रोग्रामिंगची भाषा घडवणाऱ्या समितीत ती होती, पुढे फोरट्रान या दुसऱ्या भाषेच्या प्रमाणीकरणावर तिने वर्षानुवर्षं काम केलं. हे सारं विद्यापीठाबाहेर, आधी खासगी कंपनीत आणि मग सरकारी संस्थांत. वर्गातून तिला घरी जायला सांगणारा तो प्राध्यापक कोण, हे आज कोणाला आठवतही नाही.

या सहाजणी पुन्हा उजेडात आल्या त्या कॅथी क्लायमन या विद्यार्थिनीमुळे. १९८० च्या दशकात हार्वर्डला शिकताना तिने जुन्या फोटोंतल्या या बायका कोण म्हणून चौकशी केली. उत्तर मिळालं, फ्रिजच्या जाहिरातीत फ्रिजशेजारी उभ्या करतात तशा मॉडेल असतील. तिला ते पटलं नाही. तिने त्यांना शोधून काढलं, मुलाखती ध्वनिमुद्रित केल्या आणि २०२२ मध्ये त्यांच्यावर पुस्तक लिहिलं. २००८ मध्ये जीन बार्टिकला कॅलिफोर्नियातल्या संगणक-संग्रहालयाने फेलो केलं, तेव्हा ती ८३ वर्षांची होती.

आता काही इतिहासकार म्हणतात की ‘पहिल्या प्रोग्रामर’ हा किताब त्यांना देणं जरा जास्तच होतं: गणितं यंत्रावर कशी मांडायची याचा विचार इंजिनिअरांनीही आधीच सुरू केला होता, आणि या बायकांचा हुद्दा ‘ऑपरेटर’ होता. यात तथ्य आहे. पण यंत्र चालवणं हे दुय्यम काम, हा समज त्यामागे असेल तर तो मला मान्य नाही. आपल्याकडे आयटीत टेस्टिंग आणि सपोर्टमधल्या मुलींना ‘ते काय, कोडिंग थोडंच आहे’ असं ऐकवलं जातं. एनिॲक वर्षानुवर्षं उत्तरं देत राहिलं ते ते बांधलं गेलं म्हणून, तसंच ते रोज चालवलं आणि दुरुस्त केलं गेलं म्हणूनही. २ ऑक्टोबर १९५५ ला ते बंद झालं.

मुलांकडे न्यू जर्सीला जाणारे मराठी आईवडील फिलाडेल्फियाला गेले की लिबर्टी बेलपाशी फोटो काढून परततात. पुढच्या वेळी सोबतची मुलगी किंवा नात संगणकात काही शिकत असेल, तर वॉलनट स्ट्रीट आणि तेहतिसाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरच्या मूर स्कूलच्या इमारतीत आधी चौकशी करून तिला जरूर न्या. एनिॲकची चार कपाटं अजून तिथे ठेवलेली आहेत.