मिस्साची वेळ कोणाच्या सोयीची?

‘हल्लीची पोरं चर्चला येत नाहीत.’ रविवारची मिस्सा सुटली की चर्चच्या आवारात हे वाक्य हमखास कानावर पडते. बोलणारे बहुधा माझ्याच वयाचे, सत्तरी ओलांडलेले पेन्शनर. आम्हाला सकाळी लवकरची मिस्सा सोयीची, कारण पहाटे चारलाच झोप उडालेली असते! पण उद्यमबागेत रात्रपाळी करून सकाळी घरी परतणाऱ्या पोराने, किंवा इस्पितळात ड्यूटीवर असलेल्या नर्सने कधी यायचे?

मिस्साची वेळ म्हणजे जणू अकरावी आज्ञा, असे आपण धरून चालतो. तसे नाही. आमच्या आईवडिलांच्या काळी कम्युनियन घ्यायचे तर मध्यरात्रीपासून पाण्याचा घोटही चालत नसे. साहजिकच मिस्सा सकाळी. १९५३ साली पोप बारावे पायस यांनी हा नियम सैल केला. पाण्याने उपास मोडत नाही असे ठरवले आणि संध्याकाळच्या मिस्साला परवानगी देण्याची मुभा बिशपांना दिली. कारणे देताना त्यांनी कारखान्यांत पाळीपाळीने राबणारे कामगार आणि घरचे काम आटोपल्याशिवाय बाहेर पडता न येणाऱ्या आया यांचा विचार केला होता. आपला बेळगाव धर्मप्रांतही त्याच वर्षीचा. पुढे १९६४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी उपास एका तासावर आणला. आज शनिवारी संध्याकाळची मिस्साही रविवारची म्हणून धरली जाते.

म्हणजे रोम कामगारांसाठी घड्याळ पुढेमागे करते, आणि आपण गावपातळीवर अर्धा तासही हलवायला तयार नसतो.

धर्मशिक्षणाचे तेच. दहावीच्या मुलांना रविवारी सकाळी क्लास असतो. क्लास वाईट की चांगला हा वाद वेगळा (मास्तर म्हणून माझे मत कडवट आहे), पण मुले तिकडेच जाणार. मग धर्मशिक्षण शनिवारी संध्याकाळी मिस्साला जोडून का घेऊ नये?

मात्र मला जास्त घोर आहे तो घरात अडकलेल्या म्हाताऱ्यांचा. मुलगा पुण्याला, मुलगी बेंगळुरूला किंवा आखातात. पूर्वी नातवंडाचा हात धरून आजी चर्चला यायची, आता तो हातच घरात नाही. करोनाच्या काळात मोबाईलवर मिस्सा बघायची सवय लागली, ती काही घरांत तशीच राहिली. ऐकायला-बघायला ती बरी, पण कम्युनियन काही मोबाईलमधून जिभेवर येत नाही. ते कोणीतरी घरी नेऊनच द्यावे लागते.

एकटे फादर किती घरे फिरणार? त्यासाठी १९७३ पासून प्रापंचिकांनाही नेमता येते, त्यांना शिकवून, बिशपांच्या अधिकाराने. आजारी, वृद्ध आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना तर एक तासाच्या उपासाचेही बंधन नाही. नियम आड येत नाही, अडते ते माहितीपाशी. कोणत्या गल्लीत कोण एकटे आहे, कोणाची कोणती पाळी असते, हे वॉर्डावॉर्डाने लिहून पॅरिश कौन्सिलसमोर ठेवायला हवे. त्याला एक वही आणि दोन-तीन रविवार पुरतील. आम्हा पेन्शनरांकडे दोन्ही आहे.