लोकलमधले न लिहिलेले नियम

चौथी सीट : तिघांच्या बाकावर चौथ्याला टेकण्यापुरती जागा. ‘जरा सरकता का?’ म्हटलं की बाक सरकतं. चाल सेकंड क्लासची. फर्स्ट क्लासात सहसा तिघंच बसतात.

‘कुठे उतरणार?’ : बसलेल्याला विचारून जागा आधीच सांगून ठेवायची. ज्याने आधी विचारलं, हक्क त्याचा. ‘ठाण्याला, पण जागा दिलीय’ असं उत्तर आलं, तर शेजारच्याला विचारायचं.

दार : सर्वांत कडक शिस्त इथली. मागचा पुढच्याला विचारतो, ‘दादर?’ उतरायचं नसेल, तर अंग चोरून वाट द्यायची. लांब जाणाऱ्याने आत सरकायचं. आधी उतरणारे, मग चढणारे.

सॅक : पाठीवर नको, पोटाशी किंवा रॅकवर. हात पोचत नसेल, तर ती हातोहात वर जाते.

लिहिलेले नियम : रेल्वे कायदा, १९८९. महिलांच्या राखीव डब्यात पुरुषाने शिरणं गुन्हा (कलम १६२). दारू पिऊन गोंधळ, शिवीगाळ हाही गुन्हा (कलम १४५).

महिला विशेष लोकल : राखीव डबाच नव्हे, अख्खी गाडी महिलांची. पहिली ५ मे १९९२ रोजी, पश्चिम रेल्वेवर.