एका प्रश्नाची अनेक उत्तरं

शिक्षणातला नवा विचार शाळेबाहेर चटकन रुजतो, पण वर्गात आणला की वेळापत्रकाशी आणि गुणपत्रिकेशी अडतो. पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या ज्ञान प्रबोधिनी या संस्थेचा इतिहास हेच सांगतो. आप्पा पेंडसे यांनी १९६२मध्ये काम सुरू केलं तेव्हा शाळा नव्हतीच. शहरातल्या निरनिराळ्या शाळांमधली निवडक मुलं पूरक शिक्षणासाठी इथे जमत. १९६९मध्ये प्रशाला निघाली आणि तेच सारं अभ्यासक्रम पुरा करून, रोजच्या तासांना साधायची जबाबदारी अंगावर आली. संस्थेचं खरं धाडस मला या दुसऱ्या पावलात दिसतं.

या कामाला आधार होता मानसशास्त्राचा. अमेरिकेतल्या जे. पी. गिलफर्ड यांनी बुद्धी एकसंध न मानता ५ प्रक्रिया, ४ आशय आणि ६ फलितं यांच्या मेळातून १२० क्षमता मांडल्या. प्रबोधिनीच्या संशोधकांनी त्या धर्तीवर मराठी मुलांसाठी चाचण्या घडवल्या. गिलफर्ड यांचा गाजलेला प्रश्न घ्या: विटेचे उपयोग सांगा. भिंत, कुंपण, पायरी ही उत्तरं तीन, पण जात एकच, बांधकामाची. चुलीचा दगड, दाराला अडसर, कागदावरचं वजन असं कुणी लिहिलं तर विचाराने कूस बदलली. इथे संख्या, विविधता आणि नावीन्य वेगवेगळं तपासावं लागतं. तयार उत्तरसूची घेऊन बसलेल्या शिक्षकाला ते जमणार नाही. मुलांच्या प्रकल्पांचंही तसंच: विषय मुलाने निवडायचा, म्हणजे शिक्षकाला स्वतःला न येणाऱ्या गोष्टीत मार्गदर्शन करायची तयारी हवी.

आक्षेप ठरलेला आहे: निवडून घेतलेली मुलं कुठेही चमकली असती, त्यात पद्धतीचं श्रेय काय? प्रशालेच्या निकालांपुरता तो मला मान्य आहे. चाळणीतून आलेल्या मुलांचे गुण पद्धतीची कसोटी ठरू शकत नाहीत. पण निवड हा आप्पांच्या उद्दिष्टाचा भाग होता, तल्लख बुद्धी समाजाच्या कामी यावी म्हणून. शिकवण्याची रीत निवडीवर अवलंबून नाही. १९९३च्या भूकंपानंतर धाराशिव जिल्ह्यातल्या हराळीत संस्थेने काम उभारलं, शिक्षण शेतीशी जोडलं. तिथली मुलं पुण्याच्या चाळणीतून आलेली नाहीत. तेव्हा पद्धत जोखायची तर हराळीत जोखावी, आणि वेगळ्या उत्तराला जागा देणारा शिक्षक साठ मुलांच्या वर्गात टिकवायला काय लागतं, याचा हिशेब तिथूनच मांडावा.