दोन तासांची भेट

पहाटे ५.३०. दिव्यातल्या चाळीतली खोली. रंगारी मोरीत बसून नखं घासतोय. आधी टर्पेंटाइन, मग साबण. काल दिवसभर ऑइल पेंट मारलाय. अंगठ्याच्या नखातला निळा काही निघत नाही. "पोरगी हात हुंगते," तो म्हणतो. आज खाडा. ९०० रुपये गेले.

सकाळी ८.४०. दिवा स्टेशन. परतीचं तिकीट २० रुपये. पिशवीत कोर्टाच्या आदेशाची झेरॉक्स आणि ५० रुपयांचे रंगीत खडू. गर्दीत पिशवी छातीशी.

९.५०. कुर्ल्याहून शेअर रिक्षा, ३० रुपये. वांद्रे-कुर्ला संकुलातलं कुटुंब न्यायालय. अर्जाच्या झेरॉक्सचे १२.

११.४५. पुकारा होतो. १९८४ च्या कुटुंब न्यायालय कायद्याप्रमाणे इथे वकील देणं हा हक्क नाही, कोर्टाची परवानगी लागते. हा स्वतःच उभा राहतो. मागच्या दोन भेटींना आईने मुलगी आणलीच नाही, एवढंच सांगतो. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्यात पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहतं. त्याची मुलगी सहा वर्षांची आहे. तरी ती आईकडेच राहावी, हे त्याला मान्य आहे. त्याला आदेशातले महिन्याचे दोन शनिवार हवेत.

आई चार घरची कामं करते. तिचाही आज खाडा. एकदा मुलीला ताप होता, एकदा सुटी मिळाली नाही, म्हणते. कोर्ट बजावतं, भेट चुकवायची नाही. आजच दोन तास द्या.

दुपारी १.००. वडापाव, चहा. ४० रुपये.

२.००. कोर्टातलं चिल्ड्रेन्स कॉम्प्लेक्स, मुलांच्या भेटीची जागा. मुलगी आईचा पदर सोडत नाही. तो काही बोलत नाही. खाली बसतो, खडूंची पेटी उघडतो. दहा मिनिटांनी ती जवळ सरकते. त्याचा अंगठा धरून नख बघते.

"बाबा, कुणाचं घर निळं केलं?"

मग दोघं मिळून एक घर काढतात. निळंच.

४.००. वेळ संपली. आई खडू पिशवीत टाकते. "शनिवारी आणते," म्हणते.

रात्री ७.३०. दिवा. रिक्षाचे परतीचे ३० धरून खर्च १८२. खाडा धरला तर १,०८२. उद्या सात वाजता कामावर.

नवरा-बायकोचं भांडण कितीही खरं असो, भेटीचा दिवस मुलाचा असतो. तो बुडवू नका.