एक्सेल उघडून मिळेल

पंचायत समितीसमोरच्या दुकानाची पाटी. झेरॉक्स, लॅमिनेशन, सातबारा, पॅन कार्ड, आणि सगळ्यात खाली हाताने रंगवलेलं: ‘बिघडलेल्या एक्सेल फाइल उघडून मिळतील.’ स्टोव्ह रिपेअरिंगच्या थाटातली ती ओळ वाचली आणि मी आत शिरलो. मार्चअखेर होती, बाकावर बसायला जागा नव्हती.

दुकान चालवणाऱ्या ताई पूर्वी पतसंस्थेत हिशेब लिहायच्या. पेनड्राइव्ह हातात आला की आधी फाइलची कॉपी काढायची, मूळ फाइलला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. बरीचशी गिऱ्हाइकं पाच मिनिटांत वाटेला लागतात. पोर्टलवरून उतरवलेली फाइल नावाला ‘एक्सएलएस’ असते, आत नुसतं वेबपेजचं टेबल. एक्सेल कुरकुरतं, ‘येस’ दाबलं की उघडतं, मग ती नीट सेव्ह करून द्यायची. कुणी नावाआधी डॉलरचं चिन्ह असलेली चिमुकली फाइल घेऊन येतो. तिच्यात यादी नसतेच, मूळ फाइल कुणी उघडून ठेवली आहे एवढीच नोंद असते.

एका शाळेच्या क्लार्कचं काम मात्र लांबलं. शिष्यवृत्तीची यादी कॉपी होत असतानाच त्यांनी पेनड्राइव्ह उपटला होता. एक्सेलचं ‘ओपन अँड रिपेअर’ हरलं. 2007 पासूनची एक्सेल फाइल म्हणजे मुळात झिप असते, आत मजकुराच्या छोट्या फाइली. नोटपॅडमध्ये टाकली तर सुरुवातीलाच ‘पीके’ ही अक्षरं दिसतात. 1989 मध्ये झिप आणणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं. आत काय काय आहे त्याची यादी झिपच्या शेवटी असते. शेवट तुटला की एक्सेल हात वर करतं. ताईंनी सेव्हन-झिप लावून हाती लागतील तेवढे तुकडे बाहेर काढले.

एका तुकड्यात सगळे खाने आणि आकडे होते. शब्द दुसऱ्या तुकड्यात, तेही एकेकदाच. खान्यात नुसता त्या शब्दाचा क्रमांक. वर्गात पाटील कितीही असोत, आत ‘पाटील’ एकदाच लिहिलेला. ताई स्क्रीनवर बोट फिरवत खाली गेल्या, तर शब्दांचा तुकडा मध्येच तुटलेला. पुढच्या मुलांच्या नावांच्या जागी क्रमांकच उरले.

“हजेरीपट आहे ना? मग नावं भरता येतील,” त्या म्हणाल्या. क्लार्कच्या जिवात जीव आला. खाते क्रमांक तर सगळे शाबूत होते.

ताई मात्र त्याच रकान्यावर थबकल्या. सोळा आकडी क्रमांक, आणि प्रत्येकाच्या शेवटी शून्य.

“एक्सेल 15 अंकच धरतं, सर. सोळावा टाकला की त्याचं शून्य करतं.”

म्हणजे हे पेनड्राइव्ह उपटण्याच्या कितीतरी आधीचं. रकाना ‘टेक्स्ट’ न करता क्रमांक टाइप केले तेव्हाच शेवटचा अंक गेला, आणि ती यादी रोज बिनतक्रार उघडत राहिली. सप्टेंबर-ऑक्टोबर 2020 मध्ये इंग्लंडात 15,841 कोविडबाधितांच्या नोंदी रोजच्या आकड्यांतून अशाच गळाल्या होत्या. तिथे वापरलेल्या जुन्या ‘एक्सएलएस’मध्ये 65,536 ओळींपुढे जागाच नसते. तिथेही फाइल न उघडल्याची तक्रार नव्हती. म्हणून मला न उघडणाऱ्या फाइलीचं फारसं भय वाटत नाही. ती निदान माणसाला बाकावर आणून बसवते.

“पण एकच तर अंक आहे,” क्लार्क म्हणाले.

“15 अंक बरोबर असून पैसे जात नाहीत, सर. पासबुकं मागवा.” गेलेला अंक परत आणायची युक्ती नाही, हे त्यांनी सरळ सांगितलं. नावं जुळवून दिली, रकाना ‘टेक्स्ट’ केला आणि खाते क्रमांकांना लाल रंग भरायला घेतला.

“लाल नको हो ताई, साहेब विचारतील.”

“विचारू देत,” म्हणत त्यांनी रंग खालपर्यंत ओढला.